धडधड नेमकी कुठून? ईपी स्टडीतल्या पेसिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका कॅथलॅबमध्ये ईपी स्टडी, म्हणजे तारा आत घालून हृदयातल्या विजेची तपासणी, होते. तिथे मी स्टिम्युलेटरवर बसते. म्हणजे डॉक्टर सांगतील तिथून, सांगतील त्या वेगाने पेशंटच्या हृदयाला ठोके द्यायचे आणि स्क्रीनवर उत्तर मोजायचं. लॅबच्या दाराबाहेर नातेवाईक प्रश्न विचारतात, आत नवीन आलेली टेक्निशियन मुलं विचारतात. दोघांचे प्रश्न वाटतात तितके वेगळे नसतात, म्हणून इथे एकत्रच घेतलेत. काही उत्तरं लांबली आहेत. ती नातेवाइकांनी ओलांडून पुढे गेलं तरी चालेल.

पेसिंग करणार म्हणाले. म्हणजे आईला पेसमेकर बसवणार का?

नाही. संमतीपत्रावर सही करताना हा प्रश्न हमखास येतो. पेसमेकर हे कायमचं यंत्र असतं आणि ते मंद हृदयासाठी असतं. इथलं पेसिंग तपासणीपुरतं असतं. मांडीच्या शिरेतून तारा आत जातात, त्यांच्या टोकाला अगदी कमी वीज देऊन हृदयाला ठोका द्यायला लावतात आणि काम झालं की तारा बाहेर निघतात. अंगात काही राहत नाही.

इमर्जन्सीत काढलेल्या ईसीजीवर ‘एसव्हीटी’ लिहिलंय. निदान झालंच की! मग आणखी काय शोधताय?

एसव्हीटी हे वेगवान धडधडींच्या एका गटाचं नाव आहे. त्यात प्रामुख्याने तीन प्रकार येतात.

पहिला एव्हीएनआरटी. वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारा जो एव्ही नोड असतो, त्याच्या आसपास काहींना दोन वाटा असतात, एक जलद आणि एक संथ. वीज एकीने खाली आणि दुसरीने वर अशी गोल फिरत राहते. मोठ्या माणसांत अचानक येणाऱ्या एसव्हीटीत हा सगळ्यात जास्त आढळतो, साधारण निम्म्याहून अधिक, आणि बायकांत जास्त.

दुसरा एव्हीआरटी. यात वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये जन्मापासून एक जादा स्नायूची वाट असते. वीज नोडमधून खाली येते आणि या जादा वाटेने वर जाते. म्हणजे खालचे कप्पे स्वतःच त्या फेऱ्याचा भाग असतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

तिसरा ॲट्रियल टॅकिकार्डिया. वरच्या कप्प्यातलाच एखादा ठिपका किंवा छोटा फेरा भराभर ठोके देतो आणि खालचे कप्पे बिचारे मागून धावतात.

तिन्हींत नाडी मिनिटाला 150 ते 220 असू शकते आणि क्यूआरएस, म्हणजे ईसीजीवरची खालच्या कप्प्यांची खूण, अरुंद दिसतो. फरक कळतो तो पी वेव्हवरून, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या खुणेवरून, आणि नेमकी तीच क्यूआरएसमध्ये किंवा त्यामागून येणाऱ्या टी वेव्हमध्ये दडलेली असते. ईसीजीवरून अंदाज बांधता येतो, बऱ्याचदा बरोबरही निघतो. पण अंदाजावर हृदयात जाळायला, म्हणजे तारेच्या टोकाने धडधडीची जागा निकामी करायला (ॲब्लेशन), जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी जाळायचंच आहे ना? प्रकार कोणता का असेना!

कुठे जाळायचं हे प्रकारावरच ठरतं. एव्हीएनआरटीत संथ वाटेवर, उजव्या वरच्या कप्प्यात कोरोनरी सायनस या हृदयाच्याच शिरेच्या तोंडाजवळ. तिथून नोड जवळच असतो. एव्हीआरटीतली जादा वाट झडपेच्या कडेला कुठेही असू शकते. ती डावीकडे असेल तर कप्प्यांमधला पडदा सुईने ओलांडून किंवा महाधमनीतून उलटं जावं लागतं. ॲट्रियल टॅकिकार्डियात तर तो ठिपका नकाशा काढून हुडकावा लागतो. चुकीचं निदान म्हणजे नोडजवळ विनाकारण जाळणं. नोडला इजा झाली तर मात्र तो वर विचारलेला पेसमेकर खरोखरच बसवावा लागतो.

तारा किती आणि कुठे ठेवता? भूल देता का?

बहुतेक मोठ्या माणसांना जांघेत जागेवर भूल आणि गरजेप्रमाणे थोडं गुंगीचं औषध. खोल भूल शक्यतो टाळतात, कारण तिने धडधड सुरूच होत नाही असंही होतं. तारा साधारण तीन-चार: एक उजव्या वरच्या कप्प्यात, एक हिस बंडलपाशी, म्हणजे नोडमधून वीज खाली नेणाऱ्या जुडग्यापाशी, एक उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाशी आणि एक कोरोनरी सायनसमध्ये, म्हणजे डाव्या बाजूची बातमी देणारी. तारा आत फिरताना दुखत नाही. पेसिंग सुरू झालं की छातीत फडफडतं, ते मात्र जाणवतं.

ठोके तुम्हीच मुद्दाम वाढवता म्हणे. हे बरोबर आहे का?

हो, वाढवतो. झोपलेल्या धडधडीची चौकशी करता येत नाही.

आधी वरच्या कप्प्यातून एका ठरावीक वेगाने, समजा 600 मिलिसेकंदांच्या अंतराने, आठ ठोके देतो आणि मग एक ठोका लवकर. पुढच्या खेपेला तो आणखी 10 मिलिसेकंद लवकर. असं करत खाली उतरायचं. नोडचा स्वभाव असा की ठोका जितका लवकर येईल तितका तो हळू सोडतो. पण कधीकधी फक्त 10 मिलिसेकंद कमी केले आणि नोडमधला वेळ एकदम 50 किंवा त्याहून जास्त वाढला, असं होतं. त्याला आम्ही ‘जंप’ म्हणतो. जलद वाट बंद पडली आणि वीज संथ वाटेने आली, असा त्याचा अर्थ. जंपपाठोपाठ धडधड सुरू झाली की एव्हीएनआरटीचा संशय बळावतो. संशयच बरं का. जंप बऱ्याच जणांत असते, त्यातल्या अनेकांना आयुष्यात कधी धडधड होत नाही.

एवढं करूनही सुरू झाली नाही तर आयसोप्रिनालीन या ठोके वाढवणाऱ्या औषधाचं ड्रिप लावतात. तेव्हा पेशंटला जिना धावत चढल्यासारखं वाटतं. आधी सांगून ठेवलं की घाबरत नाहीत.

धडधड सुरू झाली. आता पेसिंगने प्रकार कसा ओळखता?

धडधड चालू असतानाच खालच्या कप्प्यातून तिच्यापेक्षा किंचित जास्त वेगाने पेसिंग करायचं. समजा धडधडीचे दोन ठोके 360 मिलिसेकंदांच्या अंतराने पडताहेत, म्हणजे नाडी मिनिटाला साधारण 167. मग आम्ही 340 ने पेस करतो. 10 ते 40 मिलिसेकंदांनी कमी, इतपतच. फार वेगाने केलं तर धडधड तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता स्क्रीनकडे बघा. वरचे कप्पेसुद्धा 340 वर आले का? हे आधी मोजायचं. नुसतं बघून ‘आले’ म्हणायचं नाही. आले असतील तर डॉक्टर म्हणतात, “बंद.” मी पेसिंग थांबवते, स्क्रीन गोठवते आणि शेवटच्या पेस केलेल्या ठोक्यावर कॅलिपर (स्क्रीनवर अंतर मोजायची खूण) लावते. त्यापुढचे तीन सिग्नल कोणत्या क्रमाने आले, एवढाच प्रश्न असतो.

खालचा, वरचा, खालचा असा क्रम आला, म्हणजे व्ही-ए-व्ही, तर तो एव्हीएनआरटी किंवा एव्हीआरटी. शेवटच्या पेस केलेल्या ठोक्याची वीज वर गेली आणि त्याच फेऱ्याने परत खाली आली.

खालचा, वरचा, वरचा, खालचा असा क्रम आला, व्ही-ए-ए-व्ही, तर ॲट्रियल टॅकिकार्डिया. कारण वीज नोडमधूनच वर गेलेली असते, नोड अजून सावरलेला नसतो, त्यामुळे ती लगेच खाली येऊ शकत नाही. वरचा ठिपका स्वतःहून पुढचा ठोका देतो तेव्हाच खालच्याला मिळतो.

पेसिंग करताना धडधड मध्येच तुटली तरी ते वाया जात नाही. वरच्या कप्प्यापर्यंत काहीच न पोचता ती थांबली असेल तर ॲट्रियल टॅकिकार्डिया बाद. ज्या धडधडीचा खालच्या कप्प्याशी संबंध नाही, ती तिथल्या ठोक्याने वर काही न जाता थांबेल कशाला?

व्ही-ए-व्ही आलं. आता एव्हीएनआरटी की एव्हीआरटी?

यासाठी पीपीआय मोजतात: शेवटच्या पेसिंगपासून त्याच तारेवर पुढचा ठोका येईपर्यंतचा वेळ. त्यातून धडधडीचं मूळ अंतर वजा करायचं.

पर्वतीवर देवदेवेश्वराला कुणी प्रदक्षिणा घालतंय असं समजा. तुम्ही प्रदक्षिणेच्या वाटेवरच उभे असाल आणि तिथूनच निघालात, तर एक फेरा मारून परत तिथे यायला जेवढा एक फेरा लागतो तेवढाच वेळ लागेल. पण चपला काढल्या तिथून निघालात तर आत जायचा वेळ, एक फेरा आणि परत बाहेर यायचा वेळ, असं सगळं मिळून लागेल. जादा वेळ सांगतो की तुम्ही वाटेपासून किती लांब होतात.

एव्हीआरटीत खालचा कप्पा फेऱ्याच्या वाटेवरच असतो. म्हणून फरक कमी येतो, 115 मिलिसेकंदांच्या आत. एव्हीएनआरटीचा फेरा वर नोडपाशी असतो, आमची तार खाली टोकाला. म्हणून फरक 115 च्या वर. वरच्या उदाहरणात पीपीआय 510 आला तर 510 वजा 360, म्हणजे 150: एव्हीएनआरटी. 430 आला तर 70: एव्हीआरटी.

याच्याच जोडीला दुसरा आकडा बघतात. पेसिंग करताना खालून वर जायला लागलेला वेळ आणि धडधडीत लागणारा वेळ यांतला फरक. तो 85 च्या वर असेल तर एव्हीएनआरटीकडे कल. दोन्ही आकडे एकाच बाजूला झुकले की लॅबमध्ये जरा हायसं वाटतं.

आणि आकडा 115 च्या अगदी काठावर आला तर?

तर आकड्यावर विसंबायचं नाही. पेसिंगमुळे नोड थकून स्वतःच हळू झालेला असू शकतो आणि फरक फुगतो. तेवढी वाढ वजा करून दुरुस्त आकडा काढतात, त्याची सीमा 110 धरतात. शिवाय हे आकडे मुळात मधल्या पडद्याजवळच्या जादा वाटांसाठी ठरवले गेले. वाट डाव्या बाहेरच्या कडेला असेल तर उजवीकडची आमची तार तिच्यापासून लांब पडते आणि फरक वाढतो. अशा वेळी डावीकडच्या कोरोनरी सायनसच्या तारेवर वरचा कप्पा कुठे आधी पेटतोय तेच जास्त बोलकं असतं.

एकच ठोका देऊन निदान होतं असं ऐकलं. खरं आहे?

होतं, आणि माझ्या मते ही सगळ्यात सुंदर युक्ती आहे. धडधड चालू असताना हिस बंडलचा सिग्नल येऊन गेला, त्याच क्षणी खालच्या कप्प्यात एक ठोका द्यायचा. हिस आत्ताच पेटून गेलेला असल्यामुळे या ठोक्याला नोडच्या वाटेने वर जायला रस्ता नाही.

तरीही वरचा कप्पा वेळेआधी पेटला तर? दुसरी वाट आहे. दुसरं स्पष्टीकरण नाही.

वरचा कप्पा पेटलाच नाही आणि धडधड तिथेच थांबली, तर जादा वाट आहे आणि ती या धडधडीत सामीलही आहे. वरचा ठोका उशिरा आला तरी तेच. नुसत्या लवकर पेटण्याने मात्र वाट असल्याचं कळतं, ती फेऱ्यात आहे की नुसती बाजूला बसलीय हे कळत नाही. इथेच शिकाऊ मुलं घाई करतात.

आणि काहीच बदललं नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. वाट लांब डावीकडे असेल तर उजवीकडचा ठोका तिथे वेळेत पोचतच नाही.

धडधड सुरूच झाली नाही, तर सगळं फुकट?

फुकट नाही. शांत ठोक्यातही दोन गोष्टी बघता येतात.

हिसच्या जवळून पेसिंग: जास्त करंट दिला की हिस आणि आसपासचा स्नायू दोन्ही पकडले जातात, क्यूआरएस अरुंद दिसतो. करंट हळूहळू कमी केला की हिस सुटतो, फक्त स्नायू राहतो आणि क्यूआरएस रुंद होतो. दोन्ही वेळा वरच्या कप्प्यापर्यंतचा वेळ सारखाच राहिला, तर वीज हिसवर अवलंबून नाही, जादा वाटेने जातेय. हिस सुटल्यावर वेळ वाढला, तर नोडनेच जातेय.

दुसरं म्हणजे टोकाकडून आणि बुडाकडून पेसिंगची तुलना. हिसपासून खाली येणाऱ्या उजव्या बंडलची टोकं कप्प्याच्या टोकाकडे पोचतात, म्हणून टोकाकडून हिसला जाणं सोपं. जादा वाट झडपेपाशी, म्हणजे बुडाजवळ. बुडाकडून लवकर पोचलं तर जादा वाट, टोकाकडून लवकर पोचलं तर नोड.

तरीही काही वेळा हाती काही लागत नाही. मग डॉक्टर त्या दिवशी न जाळता पेशंटला घरी पाठवतात. नातेवाइकांना हे पटत नाही. मला मात्र त्यात डॉक्टरांचं धैर्य दिसतं.

या युक्त्या फसवतात का?

फसवतात. सगळ्यात नेहमीची फसगत खोट्या व्ही-ए-ए-व्हीची. वर जायला लागणारा वेळ पेसिंगच्या अंतरापेक्षा जास्त असेल, तर पेसिंग थांबल्यावर दिसणारा पहिला वरचा ठोका शेवटच्या पेसिंगचा नसून त्याच्या आधीच्याचा असतो. तो चुकून धरला की एक ‘ए’ जादा मोजला जातो आणि एव्हीएनआरटीला ॲट्रियल टॅकिकार्डिया म्हटलं जातं. उपाय एकच. कोणता वरचा ठोका पेसिंगच्या वेगाने आलेला शेवटचा, हे मागून मोजत यायचं.

म्हणून एका युक्तीवर कुणी निकाल देत नाही. आत वेळ जातो तो इथे.

रुंद क्यूआरएसची धडधड असेल तर?

तिथे पहिला प्रश्न व्हीटी, म्हणजे खालच्या कप्प्यांतूनच उठणारी धडधड, आहे का हा असतो, कारण ती जिवावर बेतू शकते. खालचे कप्पे वेगाने आणि वरचे आपल्याच चालीने चाललेत असं दिसलं तर उत्तर बहुतेक मिळालंच. दोघं एकास एक चालत असतील तर वरून वेगाने पेसिंग करून थांबवतात. त्यानंतर वर काही नसताना खालचे दोन ठोके लागोपाठ आले तर व्हीटी.

ज्यांना आयसीडी, म्हणजे धोकादायक धडधड शॉकने तोडणारं यंत्र, बसवलंय त्यांच्या यंत्रातही पेसिंग असतं. शॉकच्या आधी ते धडधडीपेक्षा थोड्या जास्त वेगाने, अनेकदा तिच्या अंतराच्या 88 टक्क्यांवर, आठ ठोके देऊन ती तोडायचा प्रयत्न करतं. ती तुटली नाही तरी तिने काय उत्तर दिलं याची नोंद मेमरीत राहते.

हे नवीन तंत्रज्ञान आहे का?

रंगीत त्रिमितीय नकाशे नवीन आहेत, पेसिंगची चौकशी जुनी. ठरवून ठोके देऊन धडधड सुरू करणं आणि थांबवणं ॲमस्टरडॅममध्ये ड्युरर यांच्या गटाने आणि पॅरिसमध्ये कूमेल यांनी 1967 मध्ये दाखवलं. शेरलाग यांनी 1969 मध्ये तारेने हिसचा सिग्नल टिपायची पद्धत मांडली. व्ही-ए-ए-व्ही 1999 चं, 115 आणि 85 हे आकडे 2001 चे. मशीन कितीही महाग असू दे, मोजणारा तोच.

तयारी काय करायची?

साधारण सहा तास उपाशी. ठोके आवरणाऱ्या गोळ्या काही दिवस आधी बंद करायला सांगतात, नाहीतर धडधड सुरूच होत नाही. कोणती आणि किती दिवस हे तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या, मनाने नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, दमा, गरोदरपणाची शक्यता हे आधी सांगा.

आणि धडधड चालू असतानाचा ईसीजी आणा. ‘नॉर्मल’ ईसीजीच्या दहा प्रतींपेक्षा तो एक कागद मोलाचा. तो कागद उजेडाने फिका पडतो, म्हणून हातात आल्या आल्या मोबाईलवर फोटो काढून ठेवा. इंजेक्शनने धडधड थांबली असेल तर थांबतानाची पट्टीही मागून घ्या. ॲडेनोसिन या इंजेक्शनने थांबताना शेवटी काय दिसलं, यावरून आम्हाला आधीच दिशा मिळते.

धोका किती?

जांघेत रक्त साकळणं हा नेहमीचा, तो बरा होतो. हृदयाला भोक पडून भोवती रक्त साचणं क्वचित. संथ वाट जाळताना नोडला कायमची इजा होण्याचा धोका साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी. एव्हीएनआरटीत यश 95 टक्क्यांच्या वर असतं. सही करण्याआधी हे डॉक्टरांना तोंडी विचारा, फॉर्मवर बारीक अक्षरात असतंच.

अमृततुल्यचा चहा बंद करायचा का? सिंहगड चढू का? ढोल पथकात वाजवू का?

चहाने जादा वाट तयार होत नाही. चहानंतर तुम्हाला धडधड येत असेल तर कमी करा. सिंहगड आणि ढोल यांचं उत्तर प्रकारावर अवलंबून आहे. डब्ल्यूपीडब्ल्यू असेल, म्हणजे जादा वाट साध्या ईसीजीवरही दिसत असेल, तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नको. धडधडीत कधी चक्कर येऊन पडला असाल तर मुळीच नको.

घरी धडधड आली तर?

खाली बसा. अर्धवट मागे रेलून 15 सेकंद जोर लावून श्वास रोखा, मग लगेच आडवे व्हा आणि कुणाला तरी तुमचे दोन्ही पाय वर उचलायला सांगा. साध्या पद्धतीपेक्षा याने बऱ्याच जास्त जणांची धडधड थांबते, हे 2015 मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं. छातीत दुखणं, दम, घेरी किंवा शुद्ध हरपणं असेल तर हा प्रयोग करत बसू नका, 108 लावा. कर्वे रोडच्या गर्दीत स्वतः गाडी चालवत हॉस्पिटल गाठणारे असतात. कृपा करून तसं करू नका.

खर्चाचं काय?

हॉस्पिटलप्रमाणे आणि त्रिमितीय नकाशा लागतो की नाही त्याप्रमाणे बदलतो. सरकारी योजनेत काय बसतं हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला ॲडमिट होण्याआधी विचारा. विमा असेल तर ‘ईपी स्टडी’ आणि ‘ॲब्लेशन’ दोन्ही शब्द मंजुरीत आहेत का ते बघा.

डिस्चार्ज कार्डवर काय असायला हवं?

नुसतं ‘एसव्हीटी, ॲब्लेशन केलं’ एवढंच नको. प्रकार कोणता, तो कोणत्या पेसिंगवरून ठरवला, कुठे जाळलं आणि शेवटी पुन्हा सुरू करून बघितल्यावर धडधड आली की नाही, हे चार मुद्दे लिहून घ्या. धडधड परत आलीच तर पुढच्या डॉक्टरांना तिथूनच सुरुवात करता येते.